दाराआतला खंदक

१

पाऊस ओढ देतो तेव्हा शेतकरी आभाळाकडे बघतो. इवेन लेकी आभाळातून जमिनीकडे बघे. उभं आयुष्य त्याने हेच केलं होतं.

जव करपू लागला की त्याचा मेव्हणा केनी आपलं लहान विमान बाहेर काढायचा. धावपट्टी कसली, मेंढ्या हाकलून मोकळं केलेलं गवत. पुढे केनी, त्याच्या शेजारी मांडीवर नकाशा पसरून रोना, आणि मागे उघड्या खिडकीत कॅमेरा धरून इवेन. रोना ही केनीची बहीण आणि इवेनची बायको. तिघांची बैठक कधी बदलली नाही. स्ट्रॅथमोरच्या शेतांवर घिरट्या घालायच्या आणि रोमन फौजेचे तळ शोधायचे.

ती फौज या मुलखात चालून आली तेव्हा रोज संध्याकाळी मुक्कामाभोवती खंदक खणायची. त्याची माती आतल्या बाजूला रचून बांध घालायची आणि मध्ये तंबू ठोकायची. सकाळी बांध ढकलून खंदक बुजवायचा आणि पुढे निघायचं. पुढचा तळ दिवसभराच्या चालीवर. या सगळ्याची आता जमिनीवर काही खूण नाही. पण बुजलेल्या खंदकाची माती खोल असते, ओल धरून ठेवते. सगळं शेत पिवळं पडलं तरी तेवढ्या रेघेवरचा जव हिरवा राहतो. बांधावर उभ्या असलेल्या मालकाला ती रेघ दिसत नाही. वरून दिसते. गोल कोपऱ्यांचा मोठा चौकोन, पत्त्याच्या पानासारखा.

"रोज संसार मांडायचा, रोज मोडायचा," रोना म्हणायची. "बायका बरोबर नव्हत्या म्हणून जमलं मेल्यांना."

रोना वसंतात गेली. उन्हाळा कडक निघाला. केनीचा फोन आला.

"जव पिवळा पडलाय. येतोस?"

"येतो."

दोघेच उडाले. समुद्राजवळ इन्व्हरक्रेगच्या शेतात इवेनला हिरवी रेघ दिसली. ती जागा कुठल्याही नकाशात नव्हती.

"केनी, उजवीकडे घे."

"एवढं वळवलं तर तुझी न्याहारी बाहेर येईल. मग मलाच पुसायला लावशील."

"घे म्हणतो ना."

विमान कललं. मोठा तळ होता, नीट आखलेला, चार बाजूंना चार दारं. इवेनने कॅमेरा डोळ्याला लावला, आणि खाली घेतला. पुन्हा लावला.

अशा तळाच्या दारासमोर एक तोकडा खंदक असतो. दार बंद करायला लाकूड नसतं, म्हणून धावत येणारा शत्रू त्यात अडखळावा, एवढ्यासाठी. तो बाहेरच्या बाजूला असतो. बाहेरच असायला हवा. इथे तो आत होता.

"चुकले असतील," केनी म्हणाला. "दिवसभर चालून आलेला माणूस, त्याच्या हातात फावडं. आमचा बाप पिऊन आला की शेजाऱ्याच्या वाफ्यात बटाटे लावायचा."

"चारही दारांशी चुकले?"

केनीने एक फेरी मारली. स्वतः वाकून बघितलं.

"मग हा तळ नाही," तो म्हणाला. "कोंडवाडा आहे. आतलं बाहेर पडू नये म्हणून."

त्याच्या शेजारच्या रिकाम्या आसनावर नकाशा वाऱ्याने फडफडू लागला. केनीने तो हाताने दाबून धरला.

२

शेताच्या मालकाने जवाचा एक पट्टा कापू दिला. इवेनने दाराआतल्या त्या तोकड्या खंदकावर आडवा चर घेतला. केनी माती उचलून बाजूला टाकत होता आणि दर घमेल्यामागे कुरकुरत होता.

माती दगडासारखी घट्ट होती. थर सरळ, रंग एकसारखा. मध्ये कुणी उकरलं असतं तर रंग फुटला असता. इवेन थापीने एकेक थर सोलत खाली गेला. मातीला खोटं बोलता येत नाही, असं तो म्हणत असे. रोना म्हणायची, येतं, पण तिला फार वेळ लागतो.

तळाशी थापी कशावर तरी घासली. इवेनने बोटाने माती बाजूला केली.

पेनी होती. या वर्षीची.

खणणाऱ्या लोकांची एक रीत आहे. काम झालं की चर बुजवायचा, आणि बुजवण्याआधी तळाशी त्या वर्षीचं नाणं ठेवायचं. पुढे कधी कुणी तिथेच खणलं तर त्याला कळावं: इथे माणसं येऊन गेली, बघायचं ते बघून झालं. सगळेच ठेवतात. रोना मात्र नाण्याभोवती निळ्या लोकरीचा फेर घेऊन गाठ मारायची. लोकर तिच्या जुन्या स्वेटरची. कोपरं फाटली तेव्हा तिने तो उसवून त्याचा गुंडा करून ठेवला होता.

या पेनीभोवती काहीतरी चिकटलेलं होतं. कुजून काळं झालेलं, केसासारखं. इवेनने अंगठ्याने घासलं. आत थोडा निळा रंग होता.

"काय सापडलं?" केनीने वरून विचारलं.

"दगड."

त्याने मूठ खिशात घातली. मग दोघे चर बुजवायला लागले. बुजवणं हे दोघांचं काम. एकाने माती लोटायची, दुसऱ्याने तुडवायची. न तुडवता बुजवलेला चर पहिल्या पावसात खचतो आणि शेतकरी दुसऱ्यांदा जागा देत नाही. इवेनचा उजवा गुडघा तरुणपणीच कामातून गेला होता. त्याला तुडवता येत नसे. तुडवायची ती रोना. दोनदा टाच, एकदा चवडा. धप, धप, टप. कंबरेवर हात ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"स्वतःच्या लग्नात नाचली नाही ती पोरगी," केनी म्हणायचा, "पण खड्ड्यात बघा कशी नाचतेय."

आता केनी तुडवत होता. वजनदार माणूस, कसाही पाय आपटत होता. इवेन त्याच्याकडे न बघता माती लोटत राहिला.

३

घरी येऊन इवेनने पेनी स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवली.

किलडून गावाच्या टोकाला त्याचं दगडी घर. मागचं दार, दारापुढे गल्ली, गल्लीपलीकडे चर्चचं कुरण, आणि कुरणाच्या वरच्या अंगाला चर्च आणि कबरी. मागच्या दाराशी रोनाचे बूट होते. तपकिरी, नाडी सुटलेले, उजवा किंचित आत वळलेला, कारण ती तशीच चालायची. त्याने ते हलवले नव्हते. तिचा कपही हलवला नव्हता. केनीची बायको एकदा आवरायला आली होती. इवेनने तिला चहा पाजून परत पाठवलं.

दुपारची वेळ. तो मोरीत थापी धूत होता. तेव्हा त्याला आवाज आला.

धप, धप, टप.

खालून. मागच्या दाराबाहेरून नव्हे, दाराच्या खालून, जमिनीतून आल्यासारखा. इवेनने नळ बंद केला. आवाज थांबला. त्याने नळ सोडला, पुन्हा बंद केला. काही नाही. पाण्याच्या नळीत हवा अडकते, त्याने स्वतःला सांगितलं. उन्हाळ्यात पाणी कमी येतं, नळ्या ठोकतात. साधी गोष्ट.

त्याने पाव कापला, चीज ठेवलं, बसला. पहिला घास घेतला तेव्हा आवाज पुन्हा आला. या वेळी लांबून. कुणीतरी लांब खड्ड्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेलं आणि परत आलं.

इवेन उठला. फ्रिजची वायर काढली. भिंतीवरचं घड्याळ उतरवून उशीखाली ठेवलं. घरात काहीही चालू राहिलं नाही. मग तो मागच्या दाराशी, बुटांशेजारी, वाकून उभा राहिला. हात फरशीवर ठेवला.

फरशी थंड होती. आणि अगदी हलकेच, हाताला लागेल न लागेल अशी, थरथरत होती.

म्हातारपणी नाडी तळहातात ठोकते. हेही त्याने स्वतःला सांगितलं.

४

दुसरा तळ सापडला बालमॅडीच्या शेतात. पहिल्यापासून बरोबर एका दिवसाच्या चालीवर. गोल कोपरे, चार दारं, आणि दारांच्या आत तोकडे खंदक.

या वेळी माती कुदळीला वश झाली. पेनीभोवतीची लोकर शाबूत होती. मळलेली, पण निळी. गाठही होती. रोना गाठ उलटी मारायची, डावखुऱ्यासारखी.

इवेन चरातून वर आला. केनी गवतावर पाय पसरून मटणाचा पाव खात होता.

"हे तू ठेवलंस?"

"काय?"

इवेनने तळहात उघडला. केनीने बघितलं. पाव खाली ठेवला.

"कुठे होती?"

"मला विचारू नकोस. मी विचारतोय. तुझ्याकडे गुंडा आहे. तुझी बायको आवरायला आली तेव्हा नेला."

"इवेन, आमच्या घरी गुंडा-बिंडा काही नाही."

"तू मस्करी करतोस. जन्मभर करत आलास. ही मस्करी मला नको."

केनीचं तोंड लाल झालं. तो उठून उभा राहिला.

"माझी बहीण होती ती," तो म्हणाला. "तुझ्या आधी माझी होती. तिची मस्करी करीन मी? तिच्या नावाने खड्ड्यात पैसे पुरीन? म्हाताऱ्या, दुसरा कुणी असता तर दात पाडले असते."

त्याचे डोळे भरून आले. त्याने तोंड फिरवलं. इवेनला कळलं की केनी खरं बोलतोय. त्याने कबूल मात्र केलं नाही.

"तिनेच पूर्वी कधीतरी ठेवली असेल," थोड्या वेळाने केनी म्हणाला. "एकटी येऊन."

"नाणं या वर्षीचं आहे. या वर्षी ती अंथरुणातून उठली कुठे?"

"मग परत ठेव."

"का?"

"का म्हणजे? तूच शिकवलंस मला. नाणं दिसलं की समजायचं, इथलं काम झालंय. उगाच उकरायचं नाही. बुजवायचं आणि घरी जायचं. आमच्याकडे चल, सूप केलंय बायकोने."

इवेनने पेनी खिशात टाकली. सूप प्यायला तो गेला नाही.

५

तिसरा तळ ड्रमफिनला. पुन्हा एका दिवसाची चाल. तिथली माती नुसत्या फावड्याने निघाली. लोकर मऊ होती, ओलसर होती. इवेनने ती नाकाशी नेली. मातीचा वास होता, आणि मातीखाली हात धुवायच्या साबणाचा. कामावरून आल्यावर रोना मोरीपाशी उभी राहून कोपरापर्यंत तोच साबण चोळायची.

त्या संध्याकाळी त्याने नकाशा जेवायच्या टेबलावर पसरला. तिन्ही तळ पट्टीवर एका रेषेत आले. आजवर तो समजत होता की फौज समुद्राकडून आत, डोंगराकडे गेली, आणि नाणी ठेवत रोनाही तिच्याबरोबर त्याच्यापासून लांब जाते आहे. पण आधी कुजकी लोकर, मग शाबूत, मग ओली. खूण ताजी होत चालली होती. हे लांब जाणं नव्हतं. त्याने पट्टी पुढे सरकवली. एका दिवसाची चाल मोजली आणि पेन्सिल टेकवली.

पेन्सिल किलडूनवर टेकली. चर्चच्या कुरणावर.

त्याला दफनाचा दिवस आठवला. तिथल्या रीतीप्रमाणे पेटी दोरांनी खाली सोडतात. डोक्याकडचा दोर सगळ्यात जवळच्या माणसाचा. तो इवेनने धरला. पायाकडचा केनीने. दोर सोडले, पाद्र्याने प्रार्थना म्हटली. उकरलेल्या मातीवर हिरवं जाजम घातलेलं होतं, ती कुणाला दिसू नये म्हणून. मग सगळे चहाला निघाले. सूप, मटणाच्या वड्या, कुणाचं तरी हलकं हसू. माती नंतर लोटायची असते. ते काम करणारी माणसं वेगळी असतात, झाडाआड उभी असतात.

फाटकाशी इवेनने मागे वळून बघितलं होतं. त्याने खणलेला एकही चर तो उघडा टाकून कधी घरी गेला नव्हता. हा टाकून गेला. रीतच तशी होती.

आणि त्यात कुणी नाणंही ठेवलं नव्हतं.

खाली फरशीत कुणीतरी तुडवत होतं. आता वायर काढायला तो उठला नाही. ऐकत बसला. ऐकताना त्याला भीती वाटली, आणि आवाज थांबला तेव्हा जास्त वाटली.

६

दुसऱ्या दिवशी त्याने केनीला घरावरून उडायला लावलं.

"घर बघायला विमान? तेल काय नळाला येतं?"

"चल."

किलडूनवर आल्यावर केनीने विमान कलवलं, आणि त्याच्या तोंडातलं गाणं बंद पडलं.

कुरण उन्हाने पांढरं पडलं होतं. त्यावर हिरवी रेघ होती. गोल कोपरे. रेघ कुरणाला वेढून चर्चच्या भिंतीखालून गेली होती, कबरी आत घेऊन पुन्हा बाहेर आली होती. गल्लीकडच्या बाजूला, इवेनच्या मागच्या दारासमोर, तळाचं दार होतं. दाराच्या आत तोकडा खंदक.

"परवा उतरताना मी यावरूनच आलो," केनी म्हणाला. "काही नव्हतं इथे. इवेन, शपथेवर सांगतो, काही नव्हतं."

इवेन फोटो काढत नव्हता. हात कॅमेऱ्यावर होते, तेवढेच.

"यातून फौज गेलेली नाही," तो म्हणाला. "अजून आहे."

"कसली फौज? कुणाची फौज?"

"ते मला माहीत नाही. पण ते रात्रीपुरते थांबतात. सकाळी आतला खंदक बुजवला की दार उघडतं. नाहीतर आत कोंडलेले."

केनीने विमान सरळ केलं. त्याचा आवाज बारीक झाला.

"मग रोनाही आत असेल तर राहू दे ना कोंडलेली. ऐक माझं. तिथे खणू नकोस. तू खणलंस तर तिच्याबरोबर निघून जाशील, मला दिसतंय ना तुझं तोंड. नाहीतर मग बुजवशील आणि ती जाईल. दोन्हीत तुझं काय भलं आहे?"

इवेनने खाली कुरणाकडे बघितलं. कोंडलेली राहिली तर ती मागच्या दाराशी राहील. रोज ऐकू येईल. एकटा माणूस एवढ्यावर जगू शकतो.

उतरल्यावर गल्लीत टॅम ओगिल्व्ही भेटला. कुरणात त्याच्या मेंढ्या असत. तो फाटकाला टेकून घाम पुसत होता. उघडं फाटक त्याला खपत नसे. शेतातून जाणाऱ्या प्रत्येकावर तो ओरडायचा. आज फाटक सताड उघडं होतं.

"इवेन, तू शिकलेला. या माझ्या बायांना काय झालंय सांग," टॅम म्हणाला. "गवत संपलं म्हणून दुसरीकडे न्यायच्या आहेत. कालपासून फाटक उघडं टाकलंय. एक बाहेर येईल तर शपथ! कुत्रा भुंकून भुंकून झोपला."

मेंढ्या फाटकाच्या आत जरा अंतरावर रांगेत उभ्या होत्या. एका रेषेवर पाय टेकून. समोर नुसतं गवत. त्या ते ओलांडत नव्हत्या. बाहेर बघत होत्या.

"मला कुरणात एक चर घेऊ दे," इवेन म्हणाला.

"घे बाबा. गवत तसंही मेलंय. पण जाताना फाटक लाव. या बाया तुझ्यासाठी बाहेर आल्या तर मला पहिलं सांग."

७

उत्तरेतली उन्हाळ्याची संध्याकाळ लवकर सरत नाही. इवेन फावडं घेऊन गेला तेव्हा ऊन चर्चच्या कौलांवर होतं. केनीला त्याने बोलावलं नाही.

मेंढ्यांनी बाजूला सरून त्याला जागा दिली. त्याने त्यांच्या रेषेवर गवताची वरची ढेकळं काढली आणि फावडं घातलं.

फावडं आत गेलं. जोर लावावा लागला नाही. खाली नुसता पोकळ खंदक होता, वर गवताची कातडी ताणलेली. थोड्याच वेळात तो उघडा पडला. कडा नव्या होत्या. मातीवर कुदळीचे घाव ओले दिसत होते. काढलेल्या मातीचा ढीग शेजारी होता, गवताखाली, जणू आत्ताच कुणी टाकून पाणी प्यायला गेलं असावं.

इवेन तळाशी उतरला. हाताने चाचपलं. नाणं नव्हतं.

नाणं शेवटी ठेवतात. निघताना.

तो वर येऊन कडेवर बसला. कुरण शांत होतं. पलीकडे त्याचं घर, मागचं दार, खिडकीत तिचा कप. इथून उठावं आणि घरी जावं, एवढंच करायचं होतं. खंदक उघडा राहील. ती राहील. पहिल्या तळापासून इथपर्यंत ती प्रत्येक मुक्कामात दुसऱ्या कुणाच्या तरी फावड्याखाली तुडवत आली होती. प्रत्येक ठिकाणी त्याच्यासाठी खूण ठेवून. इथे थांबली होती.

त्याला वाटलं, राहू दे. त्याला मनापासून वाटलं.

तेव्हा खाली आवाज आला. तुडवण्याचा नव्हे. जागच्या जागी पाय हलवल्याचा. थकलेलं माणूस उभ्या उभ्या वजन या पायावरून त्या पायावर टाकतं, तसा. एकाचा नाही. पुष्कळांचा. कुरणभर.

आजारात रोनाला उभं राहवत नसे. शेवटच्या दिवसांत तर दोन पावलंही चालवत नसे. "झालं ना आता बघून?" ती इवेनला म्हणायची. "बुजवून टाक. चल घरी." हे ती चरापाशी म्हणायची. दवाखान्यातही एकदा म्हणाली होती. तेव्हा त्याला वाटलं होतं, ती भ्रमात आहे.

इवेनने खिशातून पेनी काढली, ओल्या लोकरीची. वाकून तळाशी ठेवली. मग फावडं घेतलं आणि माती लोटली.

चर बुजवताना मान वर करायची नाही, ही त्याची सवय. मान वर केली की कंबर धरते. त्याने खाली बघत माती लोटली. पहिला थर पडला. कुणी तुडवला नाही. दुसरा पडला.

मग समोरून, मातीच्या पलीकडून, दोन तपकिरी बूट चरात उतरले.

नाडी सुटलेली होती. उजवा किंचित आत वळलेला.

धप, धप, टप.

इवेनचे हात थांबले नाहीत. थांबले असते तर मान वर गेली असती. तो माती लोटत गेला आणि बूट ती तुडवत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. नेहमीसारखं. त्याच्या तोंडावरून पाणी गळत होतं. ते त्याने पुसलं नाही. दोनदा त्याला वाटलं की आता ती काहीतरी बोलेल, त्याच्या फावड्याला हसेल. ती बोलली नाही. फक्त श्वास ऐकू येत होता. आणि तिच्या मागे आणखी श्वास.

माती कडेला आली तेव्हा त्याला बुटांमागचं गवत दिसलं. तिथे पाय होते. अनवाणी, भेगाळलेले, धुळीने राखाडी. काही मोठे, काही फार लहान. एकामागे एक, रांगेत, चर्चच्या भिंतीपर्यंत आणि तिच्याही पुढे. कुणीही हलत नव्हतं. वाट बघत होते.

इवेनने शेवटचं फावडं लोटलं.

बुटांनी ते तुडवलं. नीट, कोपऱ्यापर्यंत. मग ते बूट थोडा वेळ त्याच्या बुटांसमोर उभे राहिले, चवड्याला चवडा लावून. त्याला मान वर करता आली असती. त्याने डोळे मिटले.

वारा आल्यासारखं झालं. गवत खूप वेळ सळसळत राहिलं, फाटकाकडे, गल्लीकडे, त्याच्या घरावरून पुढे डोंगराकडे. त्याने ते संपेपर्यंत डोळे उघडले नाहीत.

८

केनी धावत आला तेव्हा उजेड अजून होता. इवेनच्या घरी कुणी फोन उचलला नाही म्हणून तो गाडी घेऊन निघाला होता. गल्लीतून त्याला इवेन दिसला, उभा, फावड्यावर रेललेला. जिवंत. केनीचा जीव भांड्यात पडला, आणि तो लगेच रागावला.

"एकटाच खणलंस? या वयात? मेला असतास म्हणजे?"

"बुजवलं," इवेन म्हणाला.

केनीने खाली बघितलं. चर बुजलेला होता. माती सपाट, घट्ट, कडेपर्यंत बसवलेली. केनी त्यावर उभा राहिला, टाचेने दाबून पाहिलं. माती दबली नाही. एवढा नीट बुजवलेला चर त्याने रोना गेल्यापासून पाहिला नव्हता.

"तुडवलं कुणी?" त्याने विचारलं. "तुझा गुडघा..."

इवेनने मातीकडे बोट दाखवलं.

केनी खाली वाकला. मातीवर ठसे होते. दोनदा टाच, एकदा चवडा. उजवा किंचित आत. त्याने आपला पाय एका ठशाशेजारी ठेवला. मग हळूच मागे घेतला, आणि टोपी काढली.

दोघे तसेच उभे होते. तेवढ्यात पहिली मेंढी हलली. तिने बुजवलेल्या चरावर पाय ठेवला, हुंगलं, आणि ओलांडून फाटकाबाहेर गेली. तिच्यामागे दुसरी. मग सगळ्या, एकेक करून, न घाई करता, गल्लीतून डोंगराच्या दिशेने.

"अरे, फाटक!" केनी म्हणाला. "टॅम बोंबलेल. लाव ते फाटक."

शेवटची मेंढी दिसेनाशी झाली. इवेन फाटकापाशी गेला, त्यावर हात ठेवून उभा राहिला. त्याने ते लावलं नाही.